गेटाबाहेर मांडलेली दुर्बीण

अन्याय झाला तो माझ्या मैत्रिणीवर. गेल्या जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी साडेआठ वाजता, खाडी जिथे समुद्राला मिळते त्या किनाऱ्यावरच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर. तिला विचारलं, कुठून आलात? तिने खरं ते सांगितलं, उल्हासनगरहून. आणि गेट बंद राहिलं.

सोसायटीचं नाव मी लिहीत नाही. घाबरून नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, हां, ते लोक तसलेच आहेत, आणि स्वतःच्या गेटकडे बघायचं विसरून जातो. मी काही वर्षं नदीसाठी पत्रकं लिहिते, विठ्ठलवाडी स्टेशनाबाहेर उभी राहून वाटते. माणसं कशातून कशी सटकतात हे मला आता पाठ आहे.

गेटाच्या आत काय आहे ते आधी सांगते. एक सरळ रस्ता आहे. त्याच्या टोकाला मातीचा बांध. बांधाच्या अलीकडे उथळ तळं, पलीकडे तिवरं, चिखल आणि मग खाडी. थंडीत तिथे पक्षी उतरतात, काही कच्छहून, काही त्याहून कितीतरी लांबून. बांध जुन्या मिठागरांच्या काळातला. टॉवर नंतर आले. गेट तर सगळ्यात शेवटी आलं, आणि गेटाबरोबर एक बोर्ड आला. "फक्त रहिवाशांसाठी. बाहेरील व्यक्तींना पक्षीनिरीक्षणास मनाई आहे." खाली सही नाही, शिक्का नाही, कोणाचा आदेश ते नाही. असा बोर्ड मीही आमच्या बिल्डिंगखाली लावू शकते. चंद्र बघायला बाहेरच्यांना मनाई आहे म्हणून.

आता मैत्रीण. ती उल्हासनगरच्या कॅम्प चारची. तिच्या वडिलांची जीन्सला लागणाऱ्या सामानाची पथारी आहे. चेन, बटणं, रिवेट, मागच्या खिशाला लावायची लेबलं. दुकान नाही, पथारीच. एका बंद शटरसमोर मांडतात, कधी शटर उघडलं तर दोन हात सरकतात. ही शाळेत असल्यापासून त्या पथारीवर बसली. शेजारच्या सिंधी दुकानदाराने तिला गिऱ्हाईक कसं थांबवायचं ते शिकवलं. "बेटा, माल बोलत नाही, तू बोल." आता ती अंबरनाथला एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. तरी वडिलांना जेवायला उठायचं असलं की हीच पथारीवर, मांडी घालून.

पक्षी ती वालधुनीवर शिकली. वालधुनी आमच्याकडची नदी. नदी म्हणायला जीभ अडखळते, पण मी नदीच म्हणते, नाला म्हटलं की तिचे मारेकरी सुटतात. लहानपणी त्या पाण्याला रोज वेगळा रंग असायचा आणि त्या रंगात लांब गुलाबी पायांचे शेकाटे उभे असायचे, काळ्या-पांढऱ्या कपड्यांत, जसे काही लग्नाला निघालेत. पुलावरून माणसं नाक दाबून पळायची. ही नाक दाबून उभी राहायची.

आमची ओळख बदलापूरच्या बॅरेजवर, म्हणजे उल्हास नदीच्या बंधाऱ्यावर झाली. मी तिथे पत्रकं वाटत होते. तिने एक घेतलं, उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेनने एक पक्षी काढला आणि कागद मला परत दिला. "हा दिसला तर सांग. वाचलं मी तुझं. चांगलं आहे, पण लई ओरडतेस." तेव्हापासून ती मला पत्रकवाली म्हणते. मी तिला शेठाणी म्हणते. आईवडिलांनी ठेवलेली नावं आम्ही फक्त बँकेत वापरतो.

त्या रविवारी आम्ही गेलो ती काही सहल नव्हती. जागा बघायला गेलो होतो. पुढच्या रविवारी ती तिच्या आईला आणि गल्लीतल्या काही बायकांना फ्लेमिंगो दाखवायला आणणार होती. आईचं काम धागा कटिंगचं. शिवून आलेल्या पँटींचे गठ्ठे गल्लीतल्या शेडमध्ये येतात, त्यांचे लोंबणारे धागे कापायचे. सकाळी बसलं की दिवस जातो. हातात छोटी कात्री, मांडीवर पँट, आणि डोळे एका वितीच्या अंतरावर. मैत्रीण वर्षानुवर्षं आईच्या मागे लागली होती, एकदा चल, एकदा लांबचं काहीतरी बघ. आई म्हणायची, पक्षी बघून काय होतं? आमच्या खिडकीत कावळा येतो की. त्या महिन्यात कोण जाणे कसं, पण आई म्हणाली, "बरं. येते एकदा. पण एकदाच हं."

एकदाच. हे लक्षात ठेवा. म्हणजे पुढचं भांडण कशासाठी होतं ते कळेल.

आम्ही उजाडायच्या आत निघालो, तिच्या स्कूटरवर. मी हल्ली राहते त्या बदलापूरहून विठ्ठलवाडीला आले, ती डेपोसमोर उभी होती, अंगात जीन्सचं जाकीट. त्याची एक बाही दुसरीपेक्षा थोडी फिकी. रिजेक्ट माल. पाठीवर दुर्बीण, म्हणजे गळ्यात अडकवायची नाही, स्टँडवर लावून एका डोळ्याने बघायची ती मोठी. दुर्बीण जपानी, एका म्हाताऱ्या पक्षीवाल्याने वापरून झाल्यावर तिला दिलेली. स्टँड कॅम्प चारमधल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला, त्याचा एक पाय तिने स्वतः वेल्ड करून घेतलेला.

काटई नाक्याच्या पुढे इतकं धुकं होतं की समोरच्या ट्रकचे फक्त दिवे दिसत होते. मागे बसून माझी बोटं गारठली.

"ए शेठाणी, भरती कितीला आहे?"

"दुपारी."

"मग आपण आत्ता कशाला निघालो?"

ती म्हणाली, "पक्षी पहाटे बघतात ना."

"बदलापूरला."

"हां यार," ती म्हणाली. "बदलापूरला."

ही चूक आमच्याकडचीच. आम्ही नदीवर शिकलेली माणसं. नदीवर उजाडलं की पक्षी, ऊन चढलं की संपलं. समुद्राकडे मात्र घड्याळ भरतीचं. ओहोटी असली की पक्षी लांब चिखलात पांगलेले, माणसाला नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की चिखल बुडतो आणि सगळे उडून आतल्या तळ्यावर येऊन बसतात, अगदी जवळ. हे तिला पुस्तकातून नीट माहीत होतं. तरी तिने गजर लावला तो पहाटेचाच, सवयीने. शिळफाट्याला चहा पिताना मी तिला यावरून भरपूर छळलं. तिने माझ्या वाटचं बनमस्का खाऊन सूड घेतला.

तर साडेआठला आम्ही गेटवर पोचलो. वॉचमन तरुण होता, बहुतेक आमच्याच वयाचा, कानाला मफलर.

"मॅडम, किधर?"

"तळ्यावर. पक्षी बघायला."

"कौन से टॉवर से?"

"टॉवरमधून नाही. बाहेरून आलोय. उल्हासनगरहून."

त्याने बोर्डाकडे बोट केलं. "आउटसाइडर अलाउड नहीं है. साहब लोग का ऑर्डर है."

मग मी सुरू झाले. माझं कामच ते. ऑर्डर कोणाची, कागद दाखवा, रस्ता कोणाचा, बांध कोणी बांधला, हा बोर्ड कोणत्या नियमाखाली. वॉचमन एकच वाक्य परत परत म्हणत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर ती कंटाळलेली अजीजी होती जी मी सगळ्या गेटांवर बघितली आहे. गेट माणसाच्या तोंडून बोलतं, तो माणूस आतला नसतोच. तेवढ्यात इंटरकॉमवरून निरोप गेला आणि सेक्रेटरी काका खाली आले. निळा ट्रॅकसूट, गळ्यात कॅमेरा, त्याला हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढी लांब लेन्स, लेन्सवर जंगली रंगाचं कापड. म्हणजे स्वतः पक्षीवाले. मला वाटलं, सुटलो.

"काय प्रॉब्लेम आहे?"

मैत्रिणीने सांगितलं. नीट, हळू. पुढच्या रविवारचंही सांगितलं, आईचं, बायकांचं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे बघा, तीन वर्षांपूर्वी इथे नुसती जत्रा होती. लोक तळ्यात दगड मारायचे. वेफर्सची पाकिटं, रील्स, ड्रोन. पक्षी उडून जायचे. आम्ही बंद केलं म्हणून ते परत आले. तुम्ही म्हणता तुमच्या गल्लीतल्या बायका. त्यांना काय कळणार हे?"

त्यांचं पहिलं म्हणणं खोटं नव्हतं. पक्ष्यांना गर्दीचा त्रास होतो, मी स्वतः तशी पत्रकं काढली आहेत. पण शेवटचं वाक्य त्यांना कोणी बोलायला सांगितलं होतं?

मैत्रीण म्हणाली, "मला पण नव्हतं कळत. दाखवलं कोणीतरी."

"कुठून म्हणालात? उल्हासनगर?" काका हसले. वाईट हसले असं म्हणणार नाही, सवयीने हसले. "तिकडचंच तर घाण पाणी येतं इथे."

"काका," मी म्हणाले, "उल्हास नदीचं बरंचसं पाणी वसईच्या खाडीला जातं. तुमच्याकडे येतं ते तुमचं."

"दुर्बीण पण उल्हासनगरचीच का?" म्हणजे डुप्लिकेट का.

"दुर्बीण जपानची आहे, काका," मैत्रीण म्हणाली. "स्टँड उल्हासनगरचा. म्हणून हलत नाही."

वॉचमन मफलरमध्ये हसला. काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. "सॉरी. रूल इज रूल." आणि ते आत गेले, तळ्याकडे, लेन्स घेऊन.

मला भयंकर राग आला. मी फोन काढला, कोणाला तरी लावायला, कोणाला ते माहीत नव्हतं. मैत्रीण गेटाच्या गजांना हात लावून आत बघत उभी होती. ती काय बघत होती ते मला माहीत होतं. ती तळं बघत नव्हती. पुढच्या रविवारी याच जागी आई उभी असेल, नवी साडी नेसून, आणि कोणीतरी विचारेल, कौन से टॉवर से? आणि आई म्हणेल, चल, चल, मी तुला म्हटलंच होतं. आणि परत कधी येणार नाही.

"चल," मी म्हणाले. "कोळ्यांची वाट असेल मागून, जेट्टीच्या बाजूने. बांधावर चढू. कोण बघतंय."

"माझी आई कुंपणावरून चढेल?"

मी फोन खिशात घातला.

तिने पाठीवरचं ओझं उतरवलं. स्टँडचे तीन पाय उघडले. गेटाच्या बरोबर समोर नाही, बाजूला, फूटपाथच्या कडेला, गाड्यांना जायला जागा सोडून. दुर्बीण बसवली, गजांच्या मधल्या फटीतून रस्त्याच्या टोकाला तळ्यावर रोखली, स्क्रू घट्ट केला. मग जीन्सचं जाकीट काढून खाली अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसली. मी तिला असं बसताना शेकडो वेळा बघितलं आहे, कॅम्प चारमध्ये, बंद शटरसमोर.

"तू काय करतेयस?"

"गाळा नाही मिळाला तर काय करतात आमच्याकडे?"

"दारात मांडतात."

"मग."

आमच्या गावाला लोक नावं ठेवतात. फूटपाथवर पथाऱ्या, रस्त्यात हातगाड्या, कुठेही काहीही मांडून बसतात. बसतात. ज्यांना आत कोणी घेतलं नाही त्यांनी बाहेर मांडून एक अख्खं शहर उभं केलं. फाळणीनंतर आलेले सिंधी असोत, कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून आलेले आमच्यासारखे असोत, कोणाला कोणी गाळा वाटून दिला नव्हता. त्या दिवशी त्या फूटपाथवर मला माझ्या गावाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्याही भाषणात वाटला नाही. आणि भाषणं मी बरीच ठोकली आहेत.

पहिलं गिऱ्हाईक दूधवाला. सायकल टेकवून म्हणाला, "क्या है इसमें?"

"बघ ना. पैसे नाहीत."

त्याने एक डोळा मिटला, दुसरा लावला. ओहोटी होती, तरी तळ्यात थोडे पक्षी होतेच. तो बराच वेळ वाकून राहिला. "अरे, ये तो हिल रहा है."

"जिवंत आहे, मग हलणारच."

मग टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या दोन बायका आल्या. त्यांना आत जायचा पास होता, गळ्यात लटकवलेला. रोज त्या रस्त्याने जात होत्या. तळ्यावर मात्र त्यांनाही मनाई, तिथे फक्त रहिवासी. एकीने बघितलं आणि दुसरीला ढकलून बोलावलं. "ये ये, त्याची चोच बघ, चमच्यासारखी." त्या पक्ष्याचं नावच चमच्या. मैत्रिणीने नाव सांगितलं तर ती म्हणाली, "मी आधीच ओळखलं, तुम्ही नंतर सांगितलं." मैत्रीण म्हणाली, "मग तुम्हीच सांगा पुढच्याला." आणि खरंच, पुढच्या रिक्षावाल्याला त्या बाईनेच सांगितलं, त्यात दोन गोष्टी स्वतःच्या घालून.

मी काय केलं? मी रांग लावली. पत्रकवालीला दुसरं काय येतं. "एकेक या, गाडीला वाट द्या, दादा तुम्ही मागे." एका गाडीच्या काचेतून एक आजोबा विचारू लागले की काय चाललंय, त्यांनाही उतरवलं. ते पाचव्या मजल्यावर राहतात म्हणाले, रोज गॅलरीतून बघतात, पण एवढं कधी दिसलं नाही. आजोबा टॉवरचे रहिवासी आणि गेटाबाहेर रांगेत उभे. मला मजा वाटली, पण बोलले नाही. शेठाणीने सांगितलं होतं, लई ओरडू नकोस.

वॉचमन मगापासून एक पाय पुढे एक पाय मागे करत होता. शेवटी मैत्रीणच म्हणाली, "भैया, आओ. गेट यहीं है, कहीं नहीं जाएगा."

तो आला. वाकला. मफलर सरकवला.

"वो सफेद वाला... ये पंछी है?"

"हां."

"दो ठंडी से देख रहा हूं. मैं समझा थैली है. प्लास्टिक का."

कोणी त्याला हसलं नाही. दोन हिवाळे ज्या गोष्टीची राखण केली ती त्याला कोणी दाखवलीच नव्हती. मी तिथल्या तिथे मनात पत्रक लिहून टाकलं.

अकराच्या सुमाराला पाणी चढायला लागलं. आम्हाला दिसत नव्हतं, पण पक्ष्यांवरून कळलं. बांधाच्या पलीकडून थवे उठले, आधी बारके तुतवार, तिळाची पुडी झटकावी तसे, मग लांब चोचीचे पाणटिवळे, आणि त्यांच्या मागून फ्लेमिंगो. माना लांब काढून, पंखांखाली तो रंग. गेटाबाहेर सगळ्यांच्या माना वर गेल्या. ज्यांचा नंबर नव्हता त्यांनाही नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. मैत्रीण मात्र दुर्बिणीला चिकटलेली. अचानक ती ताठ झाली.

"पत्रकवाली, पायात पट्टी आहे."

पक्षी बघणाऱ्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. कुठे कुठे अभ्यासक पक्षी पकडून त्यांच्या पायात रंगीत प्लास्टिकची बारकी पट्टी अडकवून सोडतात. पट्टीवर अक्षरं असतात. ती कोणी वाचली आणि कळवली की तो पक्षी कुठून निघाला ते समजतं. अशी पट्टी आपल्याला दिसावी म्हणून माणसं जन्म काढतात. मैत्रिणीला कधी दिसली नव्हती.

"वाच ना."

"लांब आहे. पाण्यात अर्धा पाय बुडलाय. हलू नका रे कोणी."

तेवढ्यात काका बांधावरून परतले. गेटाबाहेरची रांग बघून त्यांचा चेहरा लाल झाला, तोंड उघडलं, आणि मैत्रीण डोळा न काढता म्हणाली, "काका, पाणटिवळ्याच्या पायात पट्टी आहे."

त्यांचं तोंड तसंच राहिलं. "कोणता पाय?"

"उजवा. वरचा भाग."

"रंग?"

"पांढरा. खाली दुसरा आहे, दिसत नाहीये."

काका गेट उघडून बाहेर आले. खरोखर आले. रांग मोडून दुर्बिणीला डोळा लावला आणि "अरे, अरे" करू लागले. त्या दोन मिनिटांपुरतं उल्हासनगर नव्हतं, टॉवर नव्हता. कुठूनतरी आलेला एक पक्षी होता आणि त्याच्या पायावर न वाचता येणारी अक्षरं.

"इथून नाही वाचता येणार," काका म्हणाले. "स्कोप घेऊन आत चला. बांधाजवळून नक्की वाचता येईल. चला, चला, तुम्ही दोघी या. मी सांगतो."

मी स्टँडला हात घातला. मैत्रिणीने माझा हात बाजूला केला.

"काका, पुढच्या रविवारी माझी आई येणार आहे. बरोबर आमच्या गल्लीतल्या बायका. दगड कोणी मारणार नाही, बांध सोडून कोणी खाली उतरणार नाही, पाकीट पडलं तर मी उचलेन. पण गेटवर त्यांना कोणी विचारायचं नाही, कुठून आलात. तसं होणार असेल तर मी आत्ता येते."

"अहो, ते नंतर बघू. पक्षी उडेल."

"उडेल."

"कमिटीला विचारावं लागतं. मी एकटा कसं सांगू?"

"मग विचारा. मी इथे बसते."

ती परत मांडी घालून बसली. मी तिच्याकडे बघितलं. तिला त्या क्षणी आत पळत जायचं होतं, माझ्यापेक्षा, काकांपेक्षा, तिथल्या कोणाहीपेक्षा जास्त. ज्या गोष्टीसाठी ती लहानपणी नाक दाबून पुलावर उभी राहिली ती तिथे शंभर पावलांवर होती. तिने काकांना सांगितलं असतं, बरं, आज आम्ही दोघी, तर मी तिला दोष दिला नसता. मी तर स्टँडला हातही घातला होता.

काका उभे राहिले. आत जायला निघाले, परत आले, लेन्स उचलून गेटातून फोटो काढायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आणि मग कुठूनतरी एक घार आली. तळं एकदम उठलं, सगळं पांढरं, करडं, गुलाबी हवेत, आणि पक्षी खाली बसले तेव्हा पट्टीवाला त्यांच्यात नव्हता. किंवा होता, पण पाय पाण्यात.

"गेला," काका म्हणाले.

"येईल," मैत्रीण म्हणाली. "थंडी संपली नाही अजून."

पट्टी कोणी वाचली नाही. तो पक्षी कुठून आला होता ते आम्हाला कळलं नाही. आणि त्याला कोणी विचारलंही नव्हतं, ते मात्र खरं.

आम्ही भरती उतरेपर्यंत तिथेच बसलो. कामवाल्या बायकांपैकी एकीने टॉवरमधून आमच्यासाठी पोहे आणले, कोणाच्या घरचे ते विचारू नका म्हणाली. परतताना स्कूटर मैत्रीणच चालवत होती. शिळफाट्याला सिग्नलवर मागे वळून म्हणाली, "आईला सांगू का नको सांगू?"

"काय?"

"की कदाचित गेटवर थांबावं लागेल."

"सांग."

"ती येणार नाही मग."

"सांग तरी."

तिने सांगितलं. मला वाटलं होतं आई म्हणेल, कशाला मेलं ते. आई म्हणाली, "तुझे वडील तेवीस वर्षं बंद शटरसमोर बसतात. मला एक दिवस गेटासमोर बसायला काय होतंय. डबा घेऊ."

आठवड्यात कमिटीने काय ठरवलं, काकांनी काय सांगितलं, ते मला माहीत नाही. पुढच्या रविवारी, यावेळी भरतीचं बघून, दुपार कलल्यावर, आम्ही सगळ्या गेलो. बोर्ड जागेवर होता. त्याच्या शेजारचं छोटं दार उघडं होतं. वॉचमन म्हणाला, "आओ आंटी," आणि पुढे काही विचारलं नाही. काका लांब बांधावर पाठमोरे उभे होते. वळले नाहीत.

आई दुर्बिणीला डोळा लावून इतका वेळ उभी राहिली की मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. फ्लेमिंगो माना वाकवून, चोची पाण्यात घालून चरत होते, शेजारी शेजारी, शेकड्यांनी.

"काय गं आई?"

"सगळ्या माना खाली घालून काम करतायत," आई म्हणाली, डोळा न काढता. "आमच्या शेडसारखं. पण बघ, मधेच एखादी मान वर करते. कोणी ओरडत नाही तिला."

मैत्रीण माझ्याकडे बघून हसली आणि तोंड फिरवून बराच वेळ स्टँडचा स्क्रू घट्ट करत बसली. तो सैल नव्हता. मी असं काही बघितलं की त्याचं पत्रक करते, पण हे पत्रक नाही. ही माझी मैत्रीण आहे. कॅम्प चारची. आणि मला तिचा अभिमान आहे, तो मी कोणाला विचारून बाळगत नाही.

पण ते दार त्या एका रविवारी उघडं होतं. एका आईसाठी. बोर्ड अजून आहे, मी गेल्याच आठवड्यात बघून आले. पुढची कोणी मुलगी तिच्या आईला घेऊन तिथे जाईल, तिच्याकडे दुर्बीण नसेल, मांडून बसायची सवय नसेल, आणि ती परत फिरेल.

म्हणून हे तुमच्यासाठी, जे अशा कुठल्याही गेटाच्या आत राहता. तळं असो, टेकडी असो, नदीची पायवाट असो. पक्ष्यांची काळजी असेल तर नियम लिहा. आवाज नको, दगड नको, कचरा नको, बांध सोडून खाली उतरायचं नाही. ते आम्ही पाळू, आणि तुम्हीही पाळा. पण माणूस कुठून आला हे विचारणारा बोर्ड काढा. कमिटीवर ढकलू नका, कमिटी तुम्हीच आहात. पुढच्या मीटिंगमध्ये उठून उभे राहा, विषय मांडा, आणि तो बोर्ड खाली उतरेपर्यंत बसू नका.